छातीचा फोटो, सीटी स्कॅन आणि विडीचा कट्टा

पिरंगुट सोडून मुठा खोऱ्यातून टेमघरचा घाट चढला की पलीकडे लवासा लागतं. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी रंगीत इमारती, आणि शनिवार-रविवार असला की पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग. लोक तिथे फोटो काढायला येतात. आम्ही मात्र गेल्या वर्षावासात तिथल्या खोऱ्यातल्या एका वस्तीवर गेलो आणि बोलणं निघालं ते वेगळ्याच फोटोचं, छातीच्या.

विहारात ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास आरोग्यावर बोला, असं महिला मंडळानं सांगितलं होतं. मी बीपी आणि साखरेची तयारी करून गेले होते. बोलणं संपत आलं तेव्हा एका मावशींनी पदराच्या गाठीतून घडी केलेलं एक पत्रक काढलं. त्यांचा मुलगा पुण्यात सिक्युरिटीत आहे, त्यानं आणून दिलेलं. पूर्ण शरीराची तपासणी, सोबत फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी सीटी स्कॅन, सगळं अर्ध्या किमतीत, मोजकेच दिवस.

“ताई, ह्यांचा काढून आणू का? पोरगा म्हणतोय मालकाकडनं उचल घेतो.”

हे म्हणजे काका. वय चोपन्न. आयुष्यभर दगडाचं काम केलेलं, मुळशीत आणि मुळशीबाहेर, जिथे खडी क्रशर असेल तिथे. तोंडाला रुमाल बांधायचा आणि कामाला लागायचं. विडी पंधराव्या वर्षापासून, आता दिवसाला दीड कट्टा. विहाराच्या पायरीवर बसले होते आणि मी बोलत असताना त्यांचा खोकला मला सारखा ऐकू येत होता.

“खोकला कधीपासून आहे?”

“तो व्हय? तो होळीपासनं आहे. तो नेहमीचाच.”

तेव्हा श्रावण चालू होता. पाच महिने झाले होते. घर उचल घेऊन स्कॅन काढायला निघालं होतं, पण पाच महिन्यांच्या खोकल्यासाठी थुंकी तपासायला कोणी गेलं नव्हतं. वाचकहो, अशी पत्रकं आता आपल्याही वस्त्यांत येऊ लागली आहेत, म्हणून या वेळी हा विषय नीट समजून घेऊ.

सगळ्यात आधी एक फरक. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी तपासणी. ज्याला काहीच त्रास नाही अशा माणसाची, आजार आत लपलेला आहे का हे बघायला केलेली तपासणी. ज्याला त्रास आहे त्याच्या तपासणीला निदान म्हणतात. यंत्र एकच असेल, पण काम वेगळं. काकांना चाळणीची गरजच नव्हती, ते चाळणीतून केव्हाच खाली आले होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला, थुंकीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं, बसलेला आवाज, छातीत किंवा खांद्यात न जाणारं दुखणं, चालताना नव्यानं लागणारा दम, यातलं काहीही असेल तर ‘चेकअप पॅकेज’ हा तुमचा रस्ता नाही. सरकारी दवाखान्याचा केसपेपर हा तुमचा रस्ता आहे, आणि तो त्याच आठवड्यात.

आता ज्यांना काही त्रास नाही त्यांच्याबद्दल.

फुफ्फुसाचा कर्करोग मोठा कपटी. फुफ्फुसाला आतून दुखत नाही, त्यामुळे गाठ वाटाण्याएवढी असताना माणूस कामावर जात असतो. कळतं तेव्हा बहुतेकदा ती पसरलेली असते. भारतात दर वर्षी या आजाराचे ८० हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि जवळजवळ तितकेच, सुमारे ७५ हजार, लोक त्यानं जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उशिरा सापडण्याची किंमत समजते. म्हणून डॉक्टर लोक कित्येक वर्षं लवकर पकडण्याची युक्ती शोधत होते.

साधा एक्स-रे, ज्याला आपण छातीचा फोटो म्हणतो, त्याची युक्ती फसली. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांवर अभ्यास झाला. निम्म्यांचा दर वर्षी फोटो काढला, निम्म्यांचा नाही. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्हीकडे फुफ्फुसाच्या कर्करोगानं जवळपास सारखेच मृत्यू झाले होते. गाठ फोटोत दिसायला लागते तोवर बराच उशीर झालेला असतो, आणि बरगड्या, हृदय यांच्या सावलीत लहान गाठी लपतात.

सीटी स्कॅनमध्ये यंत्र छातीचे पावाच्या कापांसारखे पातळ पातळ काप दाखवतं. चाळणीसाठी जो वापरतात तो कमी मात्रेचा, म्हणजे लो डोस सीटी. इंजेक्शन नाही, औषध नाही. टेबलावर हात वर करून झोपायचं, काही सेकंद श्वास धरायचा, झालं. किरणं साधारण पंधरा एक्स-रेंएवढी लागतात. नेहमीच्या छातीच्या सीटीत याच्या चार-पाच पट.

त्याच २०११ साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात ५३,४५४ माणसं होती. सगळी ५५ ते ७४ वयाची, आणि भरपूर सिगारेट ओढलेली: दिवसाला एक पाकीट अशी निदान तीस वर्षं, किंवा दोन पाकिटं अशी पंधरा वर्षं. निम्म्यांना तीन वर्षं दर वर्षी लो डोस सीटी, निम्म्यांना एक्स-रे. सीटीच्या बाजूला फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्के कमी झाले. पुढे २०२० मध्ये नेदरलँड्स-बेल्जियमच्या अभ्यासातही दहा वर्षांच्या अखेरीला पुरुषांमध्ये २४ टक्के घट दिसली. म्हणजे ही तपासणी थोतांड नाही. योग्य माणसाची केली तर ती जीव वाचवते. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून ‘ताईंनी सीटी काढू नका म्हणून सांगितलं’ असा निरोप वस्तीत फिरायला नको.

आता त्याच अभ्यासाची दुसरी बाजू, जी पत्रकावर छापत नाहीत. एक मृत्यू टाळण्यासाठी साधारण ३२० माणसांचे स्कॅन करावे लागले, आणि ते सगळे जुने, पक्के सिगारेट ओढणारे. तीन वर्षांत शंभरातल्या ३९ जणांना कधी ना कधी ‘काहीतरी दिसतंय’ असा रिपोर्ट मिळाला. आणि ज्या ज्या वेळी असं काही दिसलं, त्यातल्या शंभरपैकी ९६ वेळा तो कर्करोग नव्हता.

त्या मधल्या काळाचा विचार करा. रिपोर्टात ठिपका आला. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी परत स्कॅन काढा. किंवा म्हणाले, सुई घालून तुकडा काढून बघू. सुईनं फुफ्फुसाला भोक पडून हवा साठू शकते, मग छातीत नळी टाकून ॲडमिट. घरातला कमावता माणूस कामावरून खाली. मुलाची उचल आधीच घेतलेली. पगारी रजा असलेल्या माणसाला ही नुसती काळजी असते. रोजंदारीवरच्या घरात पोरीची शाळा याच सुमारास सुटते. मी पंधरा वर्षं वॉर्डात काढली, असे रिपोर्ट पिशवीत घेऊन फिरणारी माणसं मला अजून आठवतात.

आणि हे आकडे अशा देशातले, जिथे टीबी फारसा नाही. आपल्याकडे जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांमागे एक आहे. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसावर डाग सोडून जातो, जसा देवीचा व्रण. सीटीत तो ठिपका म्हणून दिसतो. महागड्या पेट स्कॅनमध्येसुद्धा टीबी कधीकधी कर्करोगासारखाच उजळतो. दाटीच्या घरात, एका खोलीत सहा माणसं राहत असतील तिथे किती छात्यांवर असे जुने डाग असतील? आपल्या वस्तीत सरसकट स्कॅन काढले तर घाबरवणारे रिपोर्ट अमेरिकेपेक्षा जास्तच निघतील.

उलटंही होतं, आणि ते जास्त जीवघेणं आहे. मी नोकरीत असताना एक गृहस्थ आले होते. सात महिने टीबीच्या गोळ्या खाऊन. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. फोटोत सावली दिसली, वस्तीतला माणूस दिसला, गोळ्या सुरू झाल्या. ती सावली गाठीची होती. सात महिन्यांपूर्वी कदाचित शस्त्रक्रिया झाली असती, आमच्याकडे आले तेव्हा नाही. म्हणून टीबीचं औषध सुरू करताना ‘थुंकीत जंतू सापडला का?’ हे विचारायचं, आणि दीड-दोन महिन्यांत खोकला, वजन, भूक यात फरक पडला नाही तर परत जाऊन ‘दुसरं काही असेल का?’ हे विचारायचं. डॉक्टर रागावले तरी विचारायचं. इथे सीटी स्कॅन लागला तर तो जरूर काढायचा. तो पॅकेजचा स्कॅन नाही, तो हक्काचा स्कॅन आहे.

चाळणी तपासणी गरिबांच्या कामाचीच नाही, असं कोणी समजू नये. मुंबईतच याचा मोठा दाखला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना थोडे आठवडे प्रशिक्षण दिलं. त्यांनी काय वापरलं? व्हिनेगर, म्हणजे लोणच्यात घालतात ते ॲसिड, पातळ करून. ते गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं, खराब भाग पांढरा पडतो. दर दोन वर्षांनी एवढंच केलं आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा जगभर वाहवा झाली. (त्या अभ्यासात निम्म्या बायकांना तुलनेसाठी तपासणीशिवाय ठेवलं होतं, फक्त माहिती दिली होती. त्यावर टीकाही झाली, आणि ती मला पटते. प्रयोगाला नेहमी आपल्याच वस्त्या का सापडतात, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.) त्याच वस्त्यांत हातानं स्तन तपासण्याचाही अभ्यास वीस वर्षं चालला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू तीस टक्क्यांच्या जवळपास घटले.

मृत्यू मोजून केलेला असा अभ्यास फुफ्फुसाच्या सीटीबद्दल भारतात झालेला नाही. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांसाठी ज्या कर्करोगांची चाळणी आहे ते तीन: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. ही तपासणी मोफत असते. आशाताई फॉर्म भरून घ्यायला येतात तेव्हा आपण ‘आम्हाला काय झालंय’ म्हणून दार लोटतो, आणि पत्रक आलं की उचल काढतो. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के निघाले, ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे गायछाप, गुटखा, मिश्री. त्या पाहणीप्रमाणे आपल्या राज्यात तंबाखूचा पहिला घाव तोंडावर पडतो, आणि तोंड बघायला बॅटरी पुरते. त्या दिवशी विहारात मिश्री लावणाऱ्या अकरा जणी निघाल्या. सीटीबद्दल त्यातल्या प्रत्येकीनं विचारलं, तोंड दाखवायला तिघीच पुढे आल्या.

मग सीटीची चाळणी कोणी मनात आणावी? अमेरिकेत २०२१ पासून सल्ला आहे तो ५० ते ८० वयाच्या, दिवसाला एक पाकीट अशी वीस वर्षं किंवा त्या हिशोबानं जास्त ओढलेल्या, आणि अजून ओढणाऱ्या किंवा सोडून पंधरा वर्षं न झालेल्या माणसांना. हा हिशोब सिगारेटचा आहे. विडीत तंबाखू कमी असते खरी, पण ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, त्यामुळे ‘आपली साधी विडी’ हे समाधान खोटं. वीस-पंचवीस वर्षं कट्ट्यानं विडी ओढलेला पन्नाशीचा माणूस असेल, तब्येत धड असेल, शस्त्रक्रिया झेपण्यासारखी असेल, तर त्यानं छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. एकदा काढून भागत नाही, दर वर्षी काढावा लागतो. पुढे ठिपका निघाला तर दुसरा स्कॅन, तुकडा, शस्त्रक्रिया कुठे करायची हे आधी ठरलेलं असावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार अंगीकृत रुग्णालयात होतात, रेशनकार्ड आणि आधार लागतं, तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात, हेल्पलाइन १५५३८८. पण धडधाकट माणसाच्या चाळणीच्या स्कॅनचे पैसे ही योजना देत नाही. केंद्रात गेलात तर ‘लो डोस आहे का?’ आणि ‘रिपोर्टात काही आलं तर पुढे बघणार कोण?’ हे दोन प्रश्न काउंटरवरच विचारा. उत्तर नुसतं हसून मिळालं तर पैसे खिशात ठेवा.

कधीच न ओढलेल्या बायकांनाही हा कर्करोग होतो आणि आपल्या देशात असं प्रमाण बरंच आहे. त्यांना मात्र वरची यादी लागू पडत नाही, म्हणून त्यांनी लक्षणांवर लक्ष ठेवायचं. चुलीच्या लाकडाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ‘बहुधा कर्करोग करणारा’ म्हटलं आहे. दगडाच्या धुळीतली सिलिका, डिझेलचा धूर आणि ॲस्बेस्टॉस यांना ‘बहुधा’ लागत नाही, ते पक्के आहेत. घरावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कापताना, भोक पाडताना पाणी मारा, आणि पोरं लांब ठेवा.

दगडाच्या धुळीबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे. लवासा उभं राहताना डोंगरात रस्ते झाले, २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायची नोटीस दिली, वर्षभरानं अटींसह परवानगी आली, २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. झाडं किती तुटली, पाणी किती अडलं, यावर भरपूर लिहून आलं. पण असं कुठलंही मोठं काम थांबतं तेव्हा खडी फोडणारे, दगड घडवणारे हात कुठल्या कुठे पांगतात आणि धूळ त्यांच्या छातीत सोबत जाते. सिलिकोसिस व्हायला वर्षं लागतात. त्यानं टीबी वाढतो, कर्करोगाचा धोका वाढतो, आणि कामगार भरपाईच्या कायद्यात त्याची नोंद धंद्याचा आजार म्हणून आहे. भरपाई मागायची तर कुठे, किती वर्षं काम केलं याचा कागद लागतो. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘मजुरी करतो’ एवढं सांगू नका. ‘खडी क्रशरवर अठरा वर्षं’ असं सांगा, आणि केसपेपरवर ते लिहून घ्या.

इंग्लंडात मँचेस्टर शहरात २०१६ मध्ये सीटीचं यंत्र ट्रकवर चढवून गरीब वस्त्यांजवळच्या बाजाराच्या पार्किंगमध्ये नेलं. जुन्या सिगारेटवाल्यांना फुकट तपासणी. १,३८४ जणांचे स्कॅन झाले, साधारण ३३ जणांमागे एकाला कर्करोग निघाला, आणि पाचातले चार लवकरच्या टप्प्यात. पुढचे उपचारही सरकारीच, म्हणून ते जमलं. निवडणुकीला हॉलची मागणी करतो, कमानीची करतो, तशी खाणीच्या नाक्यावर वर्षातून एकदा छातीच्या तपासणीच्या गाडीची मागणी आपल्या मंडळांनी का करू नये? आधी थुंकी आणि एक्स-रे तरी येऊ दे.

आणि ज्याला एक पैसा लागत नाही ते राहिलंच. विडी सोडल्यावर दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगानं जाण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. कुठलाही स्कॅन इतकं देत नाही. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे.

काकांचं पुढं असं झालं. मंगळवारी मावशी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. थुंकी तपासली, टीबी निघाला. उचल घ्यावी लागली नाही, उलट पोषणाचे महिन्याला १,००० रुपये खात्यावर येऊ लागले. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. फाल्गुनात औषध संपलं, वजन पाच किलो भरलं. पण शेवटच्या फोटोत उजवीकडे वर एक सावली राहिली होती. विडी आणि दगड दोन्ही असलेला माणूस, म्हणून डॉक्टरांनी आता सीटी लिहून दिला. या वेळी मीच मावशींच्या मागे लागून तो काढायला लावला. जुना डाग असावा असा रिपोर्ट आहे, खात्रीसाठी सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

ते पत्रक मावशींनी टाकलं नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर सहा महिन्यांच्या गोळ्यांच्या रेघा आहेत, रोजची एक, आणि खाली नवा हिशोब सुरू झालाय, विड्यांचा. दीड कट्ट्यावरून चार. चार म्हणजे चारच, असं मावशी सांगतात. काका त्यावर काही बोलत नाहीत.